बोट सहाला सुटते

क्रूझच्या प्रवासात आदल्या संध्याकाळी प्रत्येक खोलीत एक पत्रक येते, आता तेच मोबाइलवरही येते. उद्या कोणते बंदर, जहाज किती वाजता धक्क्याला लागणार, हवा कशी असेल, जेवण कुठे मिळेल, हे सगळे त्यात असते. मुरलेला प्रवासी मात्र आधी एकच ओळ शोधतो, ती म्हणजे सर्वांनी जहाजावर परत येण्याची वेळ. जहाज सहाला सुटणार असेल तर ही वेळ साडेपाच किंवा पाच असते. दुसऱ्या दिवशी त्या शहराचे किती दर्शन घडणार, हे या एका ओळीवर ठरते.

एका दिवसाचा हा बंदरथांबा आता पर्यटनाचा स्वतंत्र प्रकार झाला आहे. रिओ द जानेरो, माँटेव्हिडिओ, वाल्पराइसो या दक्षिण अमेरिकेतल्या किनारी शहरांत मोसमात सकाळी हजारो माणसे उतरतात आणि संध्याकाळी निघून जातात. मुंबईतही तसेच होते. बॅलार्ड पिअरच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले आणि वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळता येतील अशा बेताने ते बांधले आहे. पण या पाहुण्यांना जी मुंबई दिसते ती बहुधा कुलाब्याला सुरू होते आणि महालक्ष्मीच्या धोबीघाटावर संपते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही त्यांच्या लेखी नकाशावरची नावे. गंमत अशी की, समुद्रमार्गे मुंबईकडे येणाऱ्या माणसाने काय पाहावे याच्या यादीत कित्येक शतके आजच्या बोरिवलीतले एक ठिकाण अगदी वर होते. ते यादीतून का निसटले आणि आता परत का येऊ शकते, हे समजून घ्यायचे तर जहाजाच्या घड्याळापासून सुरुवात करावी लागते.

दहा तासांतले सात

जहाज सकाळी आठला धक्क्याला लागणार आणि संध्याकाळी सहाला सुटणार असे पत्रकात लिहिलेले असले, तरी प्रवाशाच्या हाती दहा तास येत नाहीत. बंदराच्या तोंडाशी स्थानिक पायलट जहाजावर चढतो, कारण तिथली खोली, प्रवाह आणि खडक त्याला ठाऊक असतात. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पाण्यात साडेचार-पाच मीटरपर्यंत फरक पडतो. म्हणूनच १९१४ मध्ये सुरू झालेल्या अलेक्झांड्रा गोदीला, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीला, पाणी अडवून धरणारे दरवाजे आहेत. बॅलार्ड पिअरचा धक्का या दरवाजांच्या बाहेर आहे. त्यामुळे प्रवासी जहाजाला भरतीची वाट पाहत ताटकळावे लागत नाही.

दोर बांधले, शिडी लागली, तरी लगेच उतरता येत नाही. बंदर आरोग्य, सीमाशुल्क आणि इमिग्रेशन यांचे सोपस्कार व्हावे लागतात. भारताचा व्हिसा नसलेल्या परदेशी प्रवाशाला जहाजातच दिवस काढावा लागतो. तासाभराने पहिली माणसे धक्क्यावर येतात. त्यातही जहाज कंपनीकडून सहल घेतलेल्यांच्या बस आधी सुटतात. परतीचा तास आणि वाटेत काही अडलेच तर हाताशी ठेवायचा तास, असे वजा करत गेले की दहाचे सात उरतात.

या सातांचा हिशेब दोन प्रकारचे प्रवासी दोन तऱ्हांनी करतात. कंपनीच्या सहलीला गेलेल्यांची बस वाहतुकीत अडकली तर जहाज सहसा थांबते. स्वतःच्या जबाबदारीवर हिंडणाऱ्यासाठी ते थांबत नाही. उशीर झालाच तर पुढचे बंदर आपल्या खर्चाने गाठायचे. त्यामुळे बहुतेक माणसे धक्क्यापासून अर्ध्या तासाच्या आतच घुटमळतात, आणि गेटवे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मणिभवन, क्रॉफर्ड मार्केट ही यादी तिथेच पक्की होते.

जिथे धक्का नसतो किंवा पाणी उथळ असते, तिथे जहाज खोल समुद्रात नांगर टाकते आणि छोट्या होड्या प्रवाशांना किनाऱ्यावर नेतात. क्रूझवाले यांना टेंडर म्हणतात. भांडुप-घाटकोपरच्या जुन्या कोकणी चाकरमान्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट हर्णै, जयगड, विजयदुर्ग करीत जाई. कित्येक बंदरांत ती किनाऱ्याला लागतच नसे. पडाव बोटीला येऊन भिडे आणि ट्रंका, पोरेबाळे, बोट लागून बेजार झालेली म्हातारी माणसे, सगळी त्या हेलकावणाऱ्या पडावात उतरवली जात.

वाऱ्याने दिलेली सवड

शिडाच्या जहाजांचा थांबा तासांत मोजत नसत. अरबी समुद्रावर पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून वाहतो आणि हिवाळ्यात ईशान्येकडून. तांबड्या समुद्रातून उन्हाळ्याच्या उत्तरार्धात निघालेले जहाज त्या वाऱ्यावर सप्टेंबरच्या सुमारास आपल्या किनाऱ्याला लागे. परतायचे तर वारा फिरण्याची वाट पाहणे आले. म्हणजे दोन-तीन महिन्यांचा मुक्काम ठरलेलाच.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकानयनाच्या पुस्तकात सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे येतात. कल्याणचा व्यापार त्या वेळी राजकीय भांडणात सापडला होता आणि तिथे येऊन पोहोचलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भरुचला नेले जाई, अशीही नोंद त्यात आहे. ठरलेले बंदर ऐनवेळी बदलण्याचा आजच्या क्रूझ प्रवाशांना येणारा अनुभव इतका जुना आहे.

या तिन्ही बंदरांच्या मधोमध, साष्टी बेटाच्या, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांच्या, डोंगरात कान्हेरी आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षे इथे खोदकाम चालले आणि शंभराहून अधिक लेणी झाली. हा खर्च कोणी केला, ते भिंतींवरच कोरलेले आहे. कल्याण, सोपारा, चेमूल म्हणजे चौल, नाशिक अशा गावांचे व्यापारी, सोनार, लोहार आणि भिक्षुणी यांची नावे दात्यांत आहेत. क्रमांक तीनचे भव्य चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातले आहे. काही दात्यांनी पैसा एकरकमी न देता कायम ठेव म्हणून ठेवला. त्याच्या व्याजातून पावसाळ्यात मुक्कामाला राहणाऱ्या भिक्षूंना वस्त्रे मिळत. बंदरावर झालेल्या नफ्याचा एक हिस्सा असा डोंगरावर येत असे.

दूरवरचे पाहुणेही आपली खूण ठेवून गेले. इथल्या एका स्तूपात सापडलेल्या ताम्रपटावर इसवी सन ४९४-९५ च्या सुमाराचा काळ आहे आणि त्यात सिंधहून आलेल्या बुद्धरुची नावाच्या दात्याचा उल्लेख आहे. नवव्या शतकातल्या, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातल्या एका लेखात गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून, आलेल्या माणसाने दिलेले दान नोंदले आहे. लेणे क्रमांक ९० मध्ये तर पहलवी लिपीतले लेख आहेत. इसवी सन १००९ मध्ये दोनदा आणि १०२१ मध्ये एकदा पारशी मंडळी हे ठिकाण पाहायला आली आणि कोण कोण आले होते त्यांची नावे कोरून गेली. त्यांना इथे ना पूजा करायची होती, ना दान द्यायचे होते. आजच्या बोरिवलीत निव्वळ बघायला म्हणून आलेल्या पाहुण्यांची ही हजार वर्षांपूर्वीची हजेरी आहे.

लिस्बनच्या वाटेवर रिओ आणि साष्टी

पोर्तुगीज आले तरी वाऱ्याचे गणित तेच राहिले. लिस्बनहून वसंतात निघालेला ताफा आफ्रिकेला वळसा घालून सप्टेंबरच्या सुमारास हिंदुस्थानात पोहोचे आणि हिवाळ्यात परत फिरे. आफ्रिकेला वळसा घालायला अनुकूल वारा हवा म्हणून ही जहाजे अटलांटिकमध्ये खूप पश्चिमेला जात. पेद्रो काब्राल १५०० मध्ये कालिकतला निघाला तेव्हा असाच पश्चिमेला गेला आणि २२ एप्रिलला त्याला ब्राझीलचा किनारा दिसला. दहाएक दिवस थांबून तो पुढे निघाला आणि सप्टेंबरमध्ये कालिकतला पोहोचला. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा हा गाजलेला थांबा हिंदुस्थानच्या सफरीतला होता.

पुढे १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे आली आणि १५६५ मध्ये त्यांनी रिओ वसवले. एकाच राजाच्या राज्यातली ही दोन टोके. साष्टीत आलेल्या पोर्तुगीजांना कान्हेरीने चकित केले. जुआंव द कास्त्रो याने १५३८ च्या सुमारास या लेण्यांचे वर्णन लिहिले. बोरिवलीच्या मंडपेश्वर या शैव लेण्यात सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी प्रार्थनास्थळ केले आणि वर मठ बांधला. त्या मठाच्या भिंती अजून उभ्या आहेत.

१६७५ मध्ये इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर कान्हेरीला जाऊन आला. १६९५ मध्ये जेमेल्ली कारेरी आला. नेपल्सचा हा वकील पदरच्या पैशांनी, मिळेल त्या जहाजाने आणि वाहनाने पृथ्वीप्रदक्षिणा करीत होता. म्हणजे आजच्या हौशी प्रवाशाचा पूर्वजच. वसईत मुक्काम पडला तेव्हा त्याने मुद्दाम वेळ काढून कान्हेरी पाहिली आणि आपल्या प्रवासग्रंथात तिच्यावर विस्ताराने लिहिले. १७६० मध्ये फ्रेंच विद्वान आंक्तिल दुपेराँ गेला, तेव्हा साष्टीवर मराठ्यांचा अंमल होता. १७७४ मध्ये ती इंग्रजांकडे गेली. शीव आणि कुर्ला जोडणारा बांध १८०५ मध्ये पूर्ण झाला आणि मुंबईकराला होडीत न बसता साष्टीत जाता येऊ लागले. १८२५ मध्ये बिशप हेबर गव्हर्नर एल्फिन्स्टनबरोबर कान्हेरीला गेला.

या सगळ्यांच्या काळात मुंबईहून वा वसईहून कान्हेरीला जाणे म्हणजे मुक्कामी सहल होती. पण ज्याला परतीच्या वाऱ्यासाठी दोन महिने थांबायचेच आहे, त्याला दोन दिवसांचे काय!

फॉगचे साडेतीन तास

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला. वाफेच्या बोटींना वाऱ्याची वाट पाहावी लागत नव्हतीच, आता वाटही बरीच कमी झाली. पुढच्याच वर्षी मुंबई ते कलकत्ता रेल्वे जोडली गेली. हा बदल प्रवाशाच्या घड्याळावर कसा उमटला, ते ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या कादंबरीत पाहावे. तिचे प्रकरणशः प्रकाशन १८७२ च्या अखेरीस झाले. टॉमस कुक आपली पहिली पृथ्वीप्रदक्षिणेची सहल घेऊन निघाला तेही त्याच वर्षी.

कादंबरीतला फिलिअस फॉग २० ऑक्टोबर १८७२ रोजी दुपारी साडेचारला मुंबईत उतरतो. कलकत्त्याची गाडी रात्री आठला. हाती साडेतीन तास. फॉग पासपोर्टावर शिक्का घेतो आणि स्टेशनच्या उपाहारगृहात जेवायला बसतो. ससा म्हणून समोर आलेले मांस मांजराचे तर नाही ना, अशी त्याला शंका येते. त्याचा नोकर पासपार्तू मात्र हिंडायला जातो, मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खाऊन, बूट गमावून कशीबशी गाडी गाठतो. बंदरथांब्यावर आजही भेटणारे हे दोन नमुने. एकाला काही पाहायचेच नसते, दुसऱ्याला सगळे पाहायचे असते आणि शेवटी धावत सुटावे लागते.

याच प्रकरणात फॉगने काय काय पाहिले नाही त्याची व्हर्नने यादी दिली आहे. टाउन हॉल, ग्रंथालय, गोद्या, बाजार यांच्या पुढे घारापुरी येते आणि तिच्यानंतर साष्टी बेटावरची कान्हेरी. व्हर्न स्वतः हिंदुस्थानात कधी आला नव्हता, त्याने हे पुस्तकांतून घेतले. म्हणजे १८७२ च्या युरोपीय वाचकाला मुंबईत कान्हेरी चुकवू नये हे सांगणारी पुस्तके उपलब्ध होती. प्रत्यक्षातली सोयही वाढली होती. १८६७ मध्ये विरारहून बॅक बेपर्यंत लोकल सुरू झाली तेव्हा तिच्या थांब्यांत बोरिवली होती. पण साडेतीन तासांत तेही जमणारे नव्हते. फॉगची गाडी रात्री साष्टी ओलांडून जाते, म्हणजे आजचे घाटकोपर, भांडुप, मुलुंड त्याच्या खिडकीबाहेरून अंधारात सरकले असणार. उपनगरे जहाजाच्या प्रवाशाच्या वाटेत आली आणि नजरेतून गेली, ती अशी.

पुढे ही घाई आणखी रुळली. बॅलार्ड पिअरवर थेट धक्क्याशी रेल्वे स्टेशन झाले आणि विलायतेच्या मेल बोटीतून उतरलेला प्रवासी तिथेच फ्रंटियर मेलमध्ये बसून पेशावरकडे निघू लागला. मुंबई त्याच्यासाठी बदलीचे ठिकाण झाली. सुएझने मुंबईला बंदर म्हणून मोठे केले आणि प्रवाशाचा थांबा लहान केला.

कालव्यांचा हा खेळ दक्षिण अमेरिकेत उलटा झाला. अटलांटिकमधून केप हॉर्नला वळसा घालून प्रशांत महासागरात येणारी जहाजे चिलीच्या वाल्पराइसोला हमखास थांबत. १९१४ मध्ये पनामा कालवा खुला झाला आणि ती वाटच सुनी पडली. बंदराची भरभराट ओसरली, पण टेकड्यांवरची जुनी घरे आणि चढ-उतारासाठी बांधलेले पाळणे टिकून राहिले. त्यातला पहिला १८८३ मधला. २००३ मध्ये या शहराचा जुना भाग युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. क्रूझचा प्रवासी आज तेच पाहायला उतरतो. बंदराजवळूनच पाळण्यात बसायचे, दोन-चार मिनिटांत टेकडीवर. सात तासांच्या हिशेबाला असे शहर फार सोयीचे पडते.

दोन शहरे, दोन अरण्ये

मुंबईशी खरी तुलना रिओची. या दोन्ही शहरांचे बारकाईने वर्णन करणारी एक लेखिका आहे, मरिया ग्रॅहम. १८०९ मध्ये ती मुंबईत आली, १८२१ मध्ये रिओला पोहोचली आणि १८२२ मध्ये वाल्पराइसोला. हिंदुस्थान, ब्राझील आणि चिली या तिन्ही मुक्कामांवर तिने रोजनिशीच्या रूपात पुस्तके लिहिली. दोन्ही किनाऱ्यांवर तिला समुद्रालगत डोंगर आणि डोंगरावर दाट झाडी दिसली. पुढे या झाडीचे दोन्हीकडे जवळपास एकाच कारणाने रक्षण झाले.

रिओच्या तिजुका डोंगरावर कॉफीच्या मळ्यांसाठी जंगल तोडले गेले आणि शहराचे झरे आटू लागले. तेव्हा १८६१ च्या सुमारास सम्राट दुसऱ्या पेद्रोच्या सरकारने मळे ताब्यात घेतले आणि मेजर आर्चरच्या देखरेखीखाली डोंगरावर पुन्हा झाडे लावली. मुंबईत १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. त्यांच्या पाणलोटातले जंगल पाण्यासाठी राखले गेले. आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा गाभा तोच आहे. हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे, तिजुकाच्या दुपटीहून मोठे. शिवाय बिबळे आपल्याकडे आहेत आणि दोन हजार वर्षांचे लेणेही.

तरीही रिओत उतरलेल्या प्रवाशांचा मोठा ओघ अरण्यात जातो आणि मुंबईतला जात नाही. रिओत याच तिजुकाच्या अरण्यातल्या कोर्कोव्हादो शिखरापर्यंत, ७१० मीटर उंचीवर, दातेरी रुळांची रेल्वे १८८४ पासून आहे. ती नेमक्या वेळेला वर जाते आणि नेमक्या वेळेला खाली येते. १९३१ मध्ये शिखरावर ख्रिस्ताचा पुतळा उभा राहिला, त्याआधीपासून लोक जंगल आणि समुद्र एकत्र पाहायला जात होते. जहाजाच्या प्रवाशाला अंतरापेक्षा वेळेची हमी महत्त्वाची वाटते. बॅलार्ड पिअरहून बोरिवलीला मोटारीने जायचे तर पी. डिमेलो रस्त्यावरून पूर्व मुक्त मार्गाने चेंबूर-घाटकोपर लवकर गाठता येते, पण पुढे पवईच्या जोडरस्त्यावर किंवा पश्चिम द्रुतगती मार्गावर एक ट्रक बंद पडला की सगळे गणित कोसळते. एकदा दीड तास लागतो, एकदा अडीच. सहाला सुटणाऱ्या जहाजाचा प्रवासी या फरकावर आपला दिवस लावत नाही, आणि सहल आखणारी कंपनी तर मुळीच नाही.

उलट्या दिशेचा प्रवासी

आता हा हिशेब बदलला आहे. कफ परेड ते आरे ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. बॅलार्ड पिअरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे मेट्रो स्टेशन पायी वीसेक मिनिटांवर आहे. तिथून मरोळ नाका, तिथे घाटकोपर-वर्सोवा मेट्रो पकडून पश्चिम द्रुतगती मार्गाचे स्टेशन, पुलावरून चालत गुंदवली आणि तिथून दहिसरकडची मेट्रो. तिच्या वाटेवर ‘राष्ट्रीय उद्यान’ नावाचे स्टेशनच आहे. दोनदा गाडी बदलूनही दीड तासाच्या आसपास काम होते, आणि रस्त्यावर ट्रक बंद पडला काय किंवा न पडला काय, त्याने फरक पडत नाही. ज्याला दगदग चालते त्याच्यासाठी चर्चगेटहून बोरिवलीची फास्ट लोकल आहेच, ३४ किलोमीटर, तासाभराच्या आत-बाहेर.

लोकलचे नाव काढले की गर्दीची धास्ती येते. पण बोरिवलीकर सकाळी दक्षिणेकडे जातो आणि संध्याकाळी उत्तरेकडे येतो. जहाजाच्या पाहुण्याचे नेमके उलटे असते. सकाळी नऊ-साडेनऊला तो उत्तरेकडे निघतो, तेव्हा समोरून येणाऱ्या गाड्या दारापर्यंत लटकलेल्या असतात आणि याच्या गाडीत चक्क खिडकी मिळते. परतीला तो दुपारी दोन-अडीचला निघतो, संध्याकाळची गर्दी सुरू होण्याच्या कितीतरी आधी. उपनगरांना नोकरीच्या घड्याळाने गर्दी दिली, जहाजाच्या घड्याळाला ती आडवी येत नाही.

मग दिवस असा बसतो. आठला जहाज लागले, नऊला पाय जमिनीवर. साडेनऊला मेट्रो, अकराच्या सुमारास उद्यानाचे फाटक. तिथून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आत, उद्यानाच्या वाहनाने बाराच्या आत पायऱ्यांशी. दोन तास लेण्यांना. अडीचला फाटकावर, चार-सव्वाचारला धक्क्यावर. परतीची वेळ पाचची असेल तरी पाऊण तास शिल्लक राहतो.

दोन तासांत शंभर लेणी होत नाहीत आणि तसा हट्टही धरू नये. पायऱ्या चढून आधी तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह पाहावे. व्हरांड्यात दोन्ही बाजूंना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती आहेत. मग अकरावे, ज्याला दरबार म्हणतात. तिथे दगडातच कोरलेले लांब, बुटके बाक आहेत. पुढे पावसाचे पाणी वळवणारे खडकातले चर आणि लेण्यालेण्यापाशी खोदलेली पाण्याची टाकी पाहत वर जावे. पाणी साठवायची ही व्यवस्था नसती, तर एवढ्या भिक्षूंची वस्ती इथे आठ महिने टिकली नसती. जमल्यास नव्वदाव्या लेण्यात पारशी पाहुण्यांची ती हजेरी पाहावी आणि माथ्यावर जाऊन चहूकडे पसरलेले शहर पाहावे. कान्हेरीला धबधबे पाहायला पावसाळ्यात जायचे हे मुंबईकराचे ठरलेले, पण क्रूझचा मोसम पावसानंतरचा, साधारण ऑक्टोबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचा. त्या दिवसांत ओढे आटलेले असतात आणि लेणी निवांतपणे पाहता येतात.

ज्यांचा थांबा आणखी छोटा आहे त्यांच्यासाठी अंधेरी आहे. महाकाली, म्हणजे कोंडिविटेची एकोणीस लेणी मेट्रोच्या टप्प्यात आहेत. तिथल्या नवव्या लेण्यात स्तूपाभोवती गोल झोपडीच्या आकाराची खोली दगडात कोरली आहे. लाकडाच्या आणि गवताच्या घरांचे घाट कारागिरांनी दगडात उतरवले, त्या आरंभीच्या काळातली ती आहे. गोराईचा विपश्यना पॅगोडा जहाजावरून येणाऱ्या बौद्ध पाहुण्यांना खुणावतो. २००९ मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूच्या घुमटाखाली एकही खांब नसलेल्या सभागृहात आठ हजार माणसे बसतात. पण तिथे जायला खाडी ओलांडावी लागते किंवा भाईंदरचा वळसा घ्यावा लागतो, म्हणून सात तासांच्या प्रवाशाने तो मोह टाळलेला बरा.

हे सगळे कागदावर सोपे दिसते. प्रत्यक्षात घडायचे असेल तर टर्मिनलच्या दारात मेट्रोचा मार्ग दाखवणारा फलक हवा, उद्यानाच्या फाटकापासून लेण्यांपर्यंत ठरल्या वेळेला निघणारे वाहन हवे आणि लेख वाचून दाखवू शकणारे स्थानिक मार्गदर्शक हवेत. कोर्कोव्हादोच्या गाडीने रिओला जे दिले ते या तीन गोष्टी मुंबईला देऊ शकतील. कान्हेरीवर वेगळा खर्च करायची गरज नाही, तिची पाहुण्यांची वही हजार वर्षे भरत आलेली आहे.

उपनगरातली मराठी कुटुंबे आता स्वतः मोठ्या संख्येने क्रूझला जातात, तेव्हा हेच गणित उलट बाजूने कामी येते. रिओला किंवा वाल्पराइसोला उतरण्याआधी त्या शहरात वेळेवर चालणारे वाहन कोणते आणि ते कुठवर जाते, एवढे शोधावे. जहाजाचे घड्याळ आणि गावाचे घड्याळ यांत फरक असेल तर मनगटावर जहाजाचेच ठेवावे. दिवसाला एकच दूरचे ठिकाण ठरवावे, ते आधी पाहावे आणि धक्क्याजवळचे सगळे परतीसाठी राखावे, म्हणजे उशीर झाला तर कापायला काहीतरी हाताशी असते. आणि मुंबईला जहाजाने येणारे पाहुणे असतील तर तारीख कळताच वार पाहावा. सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद असते आणि घारापुरीही. त्या दिवशी त्यांना फोर्टातच हिंडवावे, बाकी सहा दिवस बोरिवली मोकळी आहे.